तिसाव्या वर्षी घरी : सँडी कोफॅक्सच्या डाव्या कोपराचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव-गाव बदलून लिहायची रीत आहे. इथे ती पाळली तर हसंच होईल. सलग पाच हंगाम धावा देण्यात लीगमधला सगळ्यात कंजूष पिचर ठरलेला, शेवटच्या हंगामात २७ सामने जिंकलेला आणि लगेच वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडलेला डावखुरा बेसबॉलच्या इतिहासात एकच आहे. त्यामुळे नावानिशीच लिहितो. सँडी कोफॅक्स, आधी ब्रुकलिन आणि मग लॉस एंजेलिस डॉजर्स, १९५५ ते १९६६.

त्याच्या पराक्रमांची यादी कुठेही मिळेल. मला रस आहे तो ऑगस्ट १९६४ ते नोव्हेंबर १९६६ या सव्वादोन वर्षांत. कोपर कामातून चाललंय हे सगळ्यांना कळल्यानंतर कोणी काय ठरवलं, आणि कोणीच काही न ठरवता काय होत गेलं, हे बघण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

क्रिकेटच्या डोळ्यांनी बघणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी आधी. पिचर मैदानातल्या छोट्या उंचवट्यावरून, म्हणजे माउंडवरून, १८.४४ मीटरवरच्या प्लेटकडे चेंडू फेकतो. रनअप नाही, टप्पा नाही. कोपर वाकवायला पूर्ण मुभा, त्यामुळे वेगाचा बराचसा भार खांदा आणि कोपरावर येतो. बॅटरच्या अंगाच्या मापाने ठरणारी एक काल्पनिक चौकट असते. चार चेंडू तिच्या बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर (धाव पुरी करायला ओळीने गाठायच्या ठिकाणांपैकी पहिलं) जातो, हा वॉक. चौकटीतून गेलेला किंवा बॅटरने हुकवलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक; असे तीन झाले की तो बाद, हा स्ट्राइकआउट. सामना नऊ इनिंगचा. त्या काळात सामना सुरू करणाऱ्या पिचरनेच तो संपवावा अशी अपेक्षा असे आणि संघाकडे असे चार पिचर असत. म्हणजे चौथ्या दिवशी पाळी ठरलेली.

कोफॅक्सचा जन्म ब्रुकलिनचा, ३० डिसेंबर १९३५. शाळेत असताना त्याचा मुख्य खेळ बास्केटबॉल होता आणि सिनसिनाटी विद्यापीठातही तो त्याच जोरावर टिकला. पिचिंगचा अनुभव म्हणाल तर जेमतेम. पण हातात वेग असा होता की डिसेंबर १९५४ मध्ये डॉजर्सने त्याला ६,००० डॉलर पगार आणि १४,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केलं.

पुढच्या सहा वर्षांच्या गोंधळाची मुळी या बोनसमध्ये आहे. श्रीमंत संघांनी सगळी पोरं पैशांच्या जोरावर उचलू नयेत म्हणून तेव्हा नियम होता : ४,००० डॉलरहून जास्त बोनस दिलेल्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, कनिष्ठ लीगमध्ये पाठवायचं नाही. ज्याला सर्वाधिक सरावाची गरज होती त्याच्यावरच सराव करण्याची बंदी आली. १९५५ मध्ये त्याला जागा करून देण्यासाठी डॉजर्सने टॉमी लसॉर्डा नावाच्या दुसऱ्या एका डावखुऱ्या पिचरला खाली पाठवलं. (हाच लसॉर्डा पुढे वीस वर्षं डॉजर्सचा मॅनेजर होता आणि ही गोष्ट तो आनंदाने सांगत असे.) कोफॅक्स बाकावर बसून राहिला. कधी दोन आठवड्यांनी चेंडू हातात यायचा, दोन-तीन वॉक द्यायचा, की मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन त्याला बाहेर काढायचे.

पहिल्या सहा हंगामांचा हिशेब असा : ३६ विजय, ४० पराभव, सुमारे ६९२ इनिंगमध्ये ४०५ वॉक. मधेच एखादा दिवस डोळे दिपवणारा उगवे. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी त्याने जायंट्सचे १८ फलंदाज स्ट्राइकआउट केले. पुढच्या सामन्यात चेंडू कुठे जाईल हे मात्र त्यालाही माहीत नसायचं. १९६० चा हंगाम संपल्यावर त्याने आपलं सामान कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कपडेखोलीची व्यवस्था बघणाऱ्या नोबे कावानो यांनी ते गुपचूप काढून जपून ठेवलं.

१९६१ च्या वसंतातल्या सराव शिबिरात फ्लोरिडातल्या ओरलँडोला एक बिनमहत्त्वाचा सामना होता. कोफॅक्सने सुरुवातीलाच वॉक देऊन तिन्ही बेस भरले. कॅचर नॉर्म शेरी माउंडवर आला आणि म्हणाला की इतका जोर लावू नकोस, नुसता प्लेटवरून जाऊ दे, मारू देत त्यांना. कोफॅक्सने जोर कमी केला आणि पुढचे तिघे स्ट्राइकआउट झाले. शेरीचं म्हणणं होतं की मुद्दाम हळू टाकलेले हे चेंडू आधीच्या जोर लावून टाकलेल्या चेंडूंपेक्षा वेगाने येत होते. त्या दिवशी सात इनिंगमध्ये एकाही बॅटरला हिट (चेंडू मारून बेस गाठणं) मिळाली नाही.

एका सल्ल्याने माणूस बदलतो या गोष्टीवर माझा फारसा विश्वास नाही. त्याच सुमारास प्रशिक्षकांनी त्याची फेकण्याची लय बदलली होती आणि त्याला नियमित पाळीही मिळू लागली होती. कारण काहीही असो, १९६१ मध्ये त्याने १८ सामने जिंकले आणि २६९ स्ट्राइकआउटसह नॅशनल लीगचा (दोन मुख्य लीगपैकी डॉजर्सची) जुना विक्रम मोडला. १९६३ मध्ये २५ विजय, ५ पराभव, ३०६ स्ट्राइकआउट, ११ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना शून्य धावा आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, यांकीजचा चार शून्य असा धुव्वा. त्या मोसमात ३११ इनिंगमध्ये त्याने फक्त ५८ वॉक दिले. चार वर्षांपूर्वी त्याच्या निम्म्या इनिंगमध्ये ९२ दिले होते.

धोक्याची पहिली घंटा मात्र त्याआधीच वाजून गेली होती. १९६२ च्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या तळहातातली रक्तवाहिनी दुखावली, तर्जनी बधिर आणि थंड पडली आणि जुलैच्या मध्यापासून जवळजवळ उरलेला सगळा हंगाम गेला. बोट वाचलं. संघाने हुश्श केलं आणि पुढच्या वर्षी त्याच हातावर पुन्हा ३११ इनिंग घातल्या.

प्रश्न

८ ऑगस्ट १९६४, मिलवॉकी. कोफॅक्स बॅटिंग करून दुसऱ्या बेसवर पोहोचला होता. प्रतिस्पर्धी पिचरने त्याला बाद करायला चेंडू बेसकडे फेकला, तसा तो परतून घसरला आणि डाव्या हातावर जोरात आदळला. पिचरचा हात बॅटिंगमध्ये जायबंदी व्हावा, हा त्या खेळाच्या जुन्या नियमांचा खाक्या.

यानंतर तो आणखी दोन सामने खेळला आणि दोन्ही जिंकले. १६ ऑगस्टला सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध त्याने १३ स्ट्राइकआउट घेत त्यांना एकही धाव दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर कोपर सुजून गच्च झालेलं आणि हात सरळ होईना. डॉजर्सचे डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांनी निदान केलं : मार आणि झीज यांमुळे झालेला संधिवात. वय २८. १९ विजय आणि ५ पराभव यांवरच तो हंगाम संपला.

विश्रांती घेऊन तो १९६५ च्या शिबिरात परतला. मार्चअखेर एक पूर्ण सामना टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा पडला होता. शिबिर सोडून तो लॉस एंजेलिसला कर्लन यांच्याकडे गेला. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आठवड्यातून एकदा टाकता आलं तरी नशीब समज. असंच चालू राहिलं तर पुढे हाताचा पूर्ण वापर जाऊ शकतो.

इथे प्रश्न नीट मांडायला हवा, कारण बहुतेक लिखाणात तो ‘दुखत असूनही तो खेळला’ इतकाच उरतो. दुखणं हा त्यातला छोटा भाग. खरी अडचण ही की निकाल उत्तम येत होते आणि सांधा खराब होत होता, दोन्ही एकाच वेळी. सामान्यतः हात गेला की चेंडूचा वेग जातो, हार होते आणि निर्णय आपोआप होतो. इथे धावफलक बघून कोणालाच काही कळणार नव्हतं.

पर्याय

शस्त्रक्रिया हा पर्याय जवळजवळ नव्हताच. झिजलेला सांधा तेव्हा परत घडवता येत नव्हता. उघडून बघायचं म्हटलं तरी हात पूर्वीसारखा होईल याची खात्री कोणी देत नव्हतं.

लगेच थांबणं हा दुसरा. २९ व्या वर्षी, दोनच मोसम आधी लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू आणि साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवलेला. एक अपवाद म्हणजे कर्लन, तेही वर्षभराने, एप्रिल १९६६ मध्ये. त्यांनी हे मोकळेपणी बोलून दाखवलं. बाकी कोणाच्या डोक्यात आलं असेल असं वाटत नाही.

तिसरा, म्हणजे भार कमी करणं, आठवड्याला एक सामना. डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला हाच होता. याचा हिशेब मांडून बघितला तर तो का बारगळला ते कळतं. तेव्हाचा हंगाम जवळपास सहा महिन्यांचा. आठवड्याला एक धरला तर २५-२६ सामने. रोटेशनप्रमाणे, म्हणजे दर चौथ्या दिवशीच्या पाळीने, खेळला तर ४१. फरक पंधरा सामन्यांचा. आणि डॉजर्सची बॅटिंग त्या काळात इतकी कोरडी होती की एक धाव काढून सामना जिंकायची सवय लागलेली. १९६५ मध्ये डॉजर्स जायंट्सपेक्षा फक्त २ सामन्यांनी पुढे राहून लीग जिंकले, १९६६ मध्ये दीड सामन्याने. कोफॅक्सचे पंधरा सामने दुसऱ्या कोणाला दिले असते तर दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज दुसऱ्याच संघाने खेळली असती, असं मानायला जागा आहे.

चौथा पर्याय, औषधांवर हात चालू ठेवायचा आणि जमेल तितका काळ पूर्ण भार उचलायचा.

काय केलं

तडजोड म्हणून ठरलं इतकंच की दोन सामन्यांच्या मध्ये सराव म्हणून चेंडू टाकायचे नाहीत. बाकी आठवड्याला एकची गोष्ट हंगामाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत हवेत विरली. ती रद्द झाली अशी बैठक झाल्याचं, कोणी कोणाला तसं सांगितल्याचं कुठे दिसत नाही. हात चालतोय, संघाला गरज आहे, पाळी आली आहे. एक सामना झाला, दुसरा झाला, आणि तो नेहमीच्या रोटेशनमध्ये परतला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो कोणीच घेतला नाही.

१९६५ चे आकडे : ४१ सामन्यांची सुरुवात, त्यातले २७ स्वतःच संपवलेले, सुमारे ३३६ इनिंग, २६ विजय, ३८२ स्ट्राइकआउट. ९ सप्टेंबरला शिकागो कब्जविरुद्ध परफेक्ट गेम, सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसही परत गेले. त्या रात्री डॉजर्सला मिळून एकच हिट होती आणि त्यांनी सामना १-० जिंकला. बॅटिंगबद्दल वर जे म्हटलं ते याच अर्थाने.

हे सगळं कोणत्या खर्चात चाललं होतं ते जवळून बघायला हवं. सामन्याआधी हातावर आणि पाठीवर कॅप्सोलिन चोळलं जाई. मिरचीच्या अर्कापासून बनवलेलं मलम, इतकं जहाल की बाकीच्या खेळाडूंना त्याचा हलका हात लागला तरी सहन होत नसे. त्याचा एक सहकारी थंडीच्या दिवशी चुकून कोफॅक्सचा मळलेला स्वेटशर्ट घालून बसला आणि अंगभर आग होऊन हैराण झाला, असा किस्सा डॉजर्सचे जुने लोक सांगत. सूज उतरवायला ब्युटाझोलिडिन. हे औषध पुढे दुष्परिणामांमुळे अमेरिकेत माणसांसाठी बंद झालं आणि घोड्यांसाठी उरलं. वेदनेवर कोडीन, कधी सामना चालू असतानाही. अधूनमधून सांध्यात कॉर्टिसोनचं इंजेक्शन. सामना संपला की बर्फाच्या टबात कोपर. बर्फाने कातडी जळू नये म्हणून मोटारीच्या टायरची ट्यूब कापून केलेली रबरी बाही तो घालत असे. टबात हात बुडवून, दुसऱ्या बाजूला पत्रकारांना उत्तरं देत बसलेला कोफॅक्स हे तेव्हाचं नेहमीचं छायाचित्र आहे.

सामन्यागणिक हात आखडत गेला. डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घ्यावी लागत असे.

१९६५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन निर्णय एकामागोमाग आले. पहिला सामना ६ ऑक्टोबरला, म्हणजे योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी. कोफॅक्सने त्या दिवशी खेळायचं नाही हे आधीच सांगितलं होतं, संघानेही वाद घातला नाही. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेलने टाकलं आणि डॉजर्स ८-२ हरले. पुढचा सामना कोफॅक्सही हरला. मग मालिका ३-३ झाली आणि १४ ऑक्टोबरला मिनेसोटात सातवा सामना आला.

ऑल्स्टन यांच्यापुढे दोन नावं होती. ड्रायस्डेलला तीन दिवसांची विश्रांती झाली होती, कोफॅक्सला दोनच. त्यांनी कोफॅक्सला निवडलं. सामन्याच्या सुरुवातीलाच त्याचा कर्व्हबॉल बसत नव्हता. कोपर वळवून चेंडूला फिरकी द्यावी लागते आणि ते कोपर वळायला तयार नव्हतं. कॅचर जॉन रोजबरोशी माउंडवर बोलणं झालं आणि उरलेला सामना फास्टबॉलवर काढायचं ठरलं. एक हत्यार घेऊन नऊ इनिंग, समोर अमेरिकन लीगचा विजेता संघ, आणि सगळ्यांना ठाऊक की पुढचा चेंडू कोणता येणार. डॉजर्स २-० जिंकले. कोफॅक्सने तीन हिट दिल्या, दहा स्ट्राइकआउट घेतले. शेवटच्या इनिंगमध्ये हार्मन किलब्रू बेसवर होता आणि बरोबरीची धाव बॉब अॅलिसनच्या बॅटवर होती, तो स्ट्राइकआउट झाला.

याच हंगामात, ही मालिका सुरू होण्याआधीच, कोफॅक्सने फिल कोलियर या वार्ताहराला सांगून टाकलं होतं की १९६६ चा हंगाम आपला शेवटचा. कोलियर यांनी ही बातमी वर्षभर पोटात ठेवली. बातमीदाराच्या हाती असा लाडू पडलेला असताना! त्यांचाही एक वेगळा प्रकरण अभ्यास होईल.

मग आलं १९६६ च्या वसंतातलं मानधनाचं भांडण. तेव्हा खेळाडूला एजंट नसे आणि कराराच्या राखीव कलमामुळे दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. सरव्यवस्थापक बझी बवेसी एकाला सांगत की दुसऱ्याने कमी मागितलंय आणि दुसऱ्याला सांगत की पहिल्याने. कोफॅक्स आणि ड्रायस्डेल एकमेकांशी बोलले, तेव्हा ही गंमत उघडकीस आली. दोघांनी एकत्र मागणी ठेवली : तीन वर्षांत दहा लाख डॉलर, दोघांत अर्धे-अर्धे. आणि बिल हेज हा वकील बोलणीसाठी. बत्तीस दिवस ते शिबिरात गेले नाहीत. शेवटी एका वर्षाचे करार झाले, कोफॅक्सला सव्वा लाख आणि ड्रायस्डेलला एक लाख दहा हजार डॉलर.

कोफॅक्सच्या हाताला या बत्तीस दिवसांचा फायदा झाला असावा असं मला वाटतं. मागच्या वर्षी त्या हाताने शिबिरातच हाय खाल्ली होती, या वर्षी शिबिर जवळजवळ झालंच नाही. १९६६ मध्ये ३२३ इनिंग, २७ विजय, ९ पराभव आणि दर नऊ इनिंगमागे अवघ्या १.७३ धावा. त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वोत्तम सरासरी, शेवटच्या वर्षी.

२ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात लीगचा निकाल लागायचा होता. पुन्हा दोन दिवसांच्या विश्रांतीवर कोफॅक्स. सामना चालू असताना पाठ धरली. इनिंगच्या मध्ये प्रशिक्षकांनी ओढून-ताणून ती सरळ केली आणि तो शेवटपर्यंत टाकत राहिला, डॉजर्स ६-३ जिंकले. चार दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना. सेंटरफिल्डर विली डेव्हिसने एका इनिंगमध्ये तीन चुका केल्या, समोर वीस वर्षांचा जिम पामर, निकाल ०-६. हा कोफॅक्सचा शेवटचा सामना ठरला, तरी तेव्हा तसं फार थोड्यांना माहीत होतं.

परिणाम

१८ नोव्हेंबर १९६६ रोजी बेव्हर्ली विल्शर हॉटेलात कोफॅक्सने पत्रकार बोलावले. डॉजर्सचा संघ आणि मालक वॉल्टर ओ'मॅली तेव्हा जपानच्या दौऱ्यावर होते. ते परत येईपर्यंत थांब, असं बवेसींनी सांगून बघितलं, पण तो थांबला नाही. बेसबॉलनंतरही बरीच वर्षं जगायची आहेत आणि ती धडधाकट शरीराने जगायची आहेत, असं त्याने सांगितलं. इतकी इंजेक्शनं, इतक्या गोळ्या, त्यांनी बिघडलेलं पोट आणि औषधाच्या गुंगीत माउंडवर उभं राहणं, हे सगळं नको झालंय. पैशांविषयी विचारलं, तेव्हा त्याचं उत्तर साधारण असं होतं की हात गमावलेल्या माणसाला विचारा, हात परत विकत मिळत असता तर तो किती पैसे देईल.

बारा वर्षांचे आकडे : १६५ विजय, ८७ पराभव, २,३९६ स्ट्राइकआउट, चार नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेले सामने), तीन साय यंग पुरस्कार. १९६७ पासून हा पुरस्कार प्रत्येक लीगला वेगळा मिळू लागला, कोफॅक्सचे तिन्ही दोन्ही लीग मिळून एकच असतानाचे आणि तिन्ही एकमताने. १९७२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी त्याची हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, निवड झाली. इतक्या लहान वयात हा मान आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही.

संघाचं काय झालं? दोन वर्षं लागोपाठ लीग जिंकलेले डॉजर्स १९६७ मध्ये दहा संघांत आठवे आले. ड्रायस्डेल खेळत राहिला. १९६८ मध्ये त्याने सलग ५८ इनिंगहून अधिक काळ धाव न देण्याचा विक्रम केला आणि १९६९ मध्ये खांदा गेल्यावर तेहतिसाव्या वर्षी तोही थांबला.

कोफॅक्सने एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीबरोबर दहा वर्षांचा समालोचनाचा करार केला. कॅमेऱ्यापुढे तो कधीच रमला नाही आणि सहा वर्षांत त्याने तो स्वतःहून सोडला. १९७९ पासून १९९० पर्यंत डॉजर्सच्या कनिष्ठ संघांत पिचिंग शिकवत राहिला, अगदी स्वतःच्या हाताने चेंडू टाकूनसुद्धा. म्हणजे ज्या कारणासाठी सोडलं ते कारण पूर्ण झालं. याहून चांगला निकाल या प्रकरणात शक्य नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, १९६५ च्या एप्रिलमध्ये ‘आठवड्याला एक’ हे सूत्र सोडायचं असेल तर ते ठरवून सोडायला हवं होतं. डॉक्टर, मॅनेजर, खेळाडू आणि सरव्यवस्थापक, चौघे एका टेबलावर बसून किती सामने, किती इनिंग, कोणत्या लक्षणावर थांबायचं हे बोलले असते, तर कदाचित पाच-सात सामने वाचले असते. आज कुठलाही संघ वर्षभरात पिचरला ३३६ इनिंग टाकू देणार नाही. २०० झाल्या तरी भुवया वर जातात. पण हे शहाणपण नंतरचं आहे. १९६५ मध्ये चौथ्या दिवशी टाकणं हे धैर्य नव्हतं, नोकरी होती. त्यामुळे ऑल्स्टन यांना खलनायक करणं मला पटत नाही. त्यांच्या जागी दुसरा मॅनेजर असता तर त्यानेही तेच केलं असतं, फक्त सातव्या सामन्यासाठी कदाचित ड्रायस्डेलला निवडलं असतं.

दुसरी गोष्ट वैद्यकीय. कर्लन यांचे भागीदार डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये डॉजर्सच्याच टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरात दुसऱ्या हाताचा कंडरा बसवला. हा प्रयोग तेव्हापर्यंत पिचरवर झाला नव्हता. टॉमी जॉन परत आला, आणखी तेरा वर्षांहून अधिक काळ खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर १६४ सामने जिंकला. कोफॅक्सच्या अख्ख्या कारकिर्दीत १६५. हे वाचून ‘आठच वर्षं उशीर झाला’ असं हळहळणारे पुष्कळ आहेत. पण जॉनचा स्नायुबंध तुटला होता, कोफॅक्सच्या निदानात मुख्य गोष्ट सांध्याचा संधिवात होती. स्नायुबंध बदलून ती झीज गेली असती असं मानायला आधार नाही.

तिसरी, आणि माझ्या लेखी खरी गुंतागुंतीची गोष्ट म्हणजे ती गुप्तता. शेवटच्या वर्षाचा निर्णय १९६५ मध्येच झाला होता आणि संघाला तो माहीत नव्हता. संघाला आधी कळलं असतं तर डॉजर्सने पर्यायी पिचर शोधला असता, कोणाला तरी चढवलं असतं, १९६७ ची घसरगुंडी कमी झाली असती. याउलट कोफॅक्सच्या बाजूने बघा. राखीव कलमाच्या काळात खेळाडूच्या हाती वाटाघाटीसाठी एकच पत्ता असे, पुढच्या वर्षी खेळायला येणं. तो आधीच उघड केला असता, तर बवेसींनी त्याला सव्वा लाख दिले असते का? मला शंका आहे. त्याने तो पत्ता झाकून ठेवला यात मला चूक दिसत नाही. मात्र बवेसींनी दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवलं नसतं तर कदाचित झाकायची गरजही पडली नसती.

आणि इथे एक विसंगती राहतेच. पुढच्या हंगामानंतर थांबायचं असं मनाशी ठरवलेला माणूस १९६६ च्या मार्चमध्ये तीन वर्षांचा करार मागत होता. नुसता सौदेबाजीचा आकडा म्हणून? हात तोपर्यंत टिकलाच तर, या आशेने? ड्रायस्डेलसाठी? या तिन्हींत थोडंथोडं तथ्य असावं. बवेसींनी तीन वर्षांचा करार नाकारला कारण डॉजर्स एका वर्षाहून जास्त कोणालाच देत नसत आणि त्यांना पायंडा पडू द्यायचा नव्हता. त्यांनी तो दिला असता, तर १९६७ आणि १९६८ मध्ये डॉजर्सला एका निवृत्तीला ठाम असलेल्या माणसाशी आणि त्याच्या निकामी होत चाललेल्या कोपराशी कायद्याने बांधून राहावं लागलं असतं.